उताराला आडवं

गवत कापायचं बसतं यंत्र घ्यायचं ठरलं की आमच्या भागातले लोक एकदा मला विचारून जातात. बसतं म्हणजे ज्यावर ट्रॅक्टरसारखं बसायचं, स्टिअरिंग धरायचं आणि पोटाखालच्या फिरत्या पात्यानं गवत कापत पुढं जायचं, ते. लातूर-नांदेडकडे अशी यंत्रं घेणारे थोडेच. एखादी मोठी शाळा, एखादं मंगल कार्यालय, नाहीतर टेकडीवर बंगला बांधलेले व्यापारी. ते मला रंगीत पत्रक दाखवतात. मी म्हणतो, पत्रक ठेवा बाजूला, आधी उतार दाखवा.

मागच्या वर्षी उदगीरचे एक आडते मला त्यांच्या मळ्यावर घेऊन गेले. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, अंगानं भरलेले, बोलायला मोकळे. टेकडीच्या कुशीत बंगला आणि बंगल्यासमोर खालपर्यंत गवतच गवत.

"अप्पा, मला हे गवत बसून कापायचंय," ते म्हणाले. "डॉक्टर म्हनतेत रोज चाला. मी म्हनलो, चालायला काय मी बैल हाव? यंत्रावर बसतो, तेवढंच अंग हालंल."

मी पिशवीतून माझी मीटरभर लांब पट्टी काढली. तिच्यावर गवंड्याकडे असते तशी पाण्याच्या बुडबुड्याची नळी बसवलेली आहे. पट्टीचं एक टोक उतारावर टेकवायचं, नळीतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत दुसरं टोक उचलायचं आणि ते टोक जमिनीपासून किती उंच राहिलं ते टेपनं बघायचं. पाव मीटर भरलं की थांबायचं. त्याहून जास्त भरलं तर ती जागा बसत्या यंत्राची नाही, मग विकणारा काहीही सांगो. जुन्या भाषेत सांगायचं तर चार हात लांबीला एक हात चढ, ही हद्द. आडत्यांच्या मळ्यात खालचा अर्धा भाग हद्दीच्या आत होता. वरचा पार बाहेर.

"खालचं बसून कापा," मी म्हणालो. "वरचं शेळ्यांना द्या."

"शेळीवर बसता येत न्हाई की हो अप्पा!"

त्यांचा गडी हसला, मीही हसलो. मग मी त्यांना बाकीचं सांगितलं. यंत्र बुटकं आणि रुंद घ्या, उंच आणि अरुंद नको. डोक्यावर लोखंडी कमान असलेलं आणि कमरेचा पट्टा असलेलं घ्या, आणि पट्टा लावा. कमान असून पट्टा लावला नाही तर कमान कुणाला वाचवणार? उतारावर यंत्र उभं चालवायचं, म्हणजे सरळ वर आणि सरळ खाली. आडवं कधी नाही. वर जाताना शक्यतो मागच्या गिअरमध्ये जा. रिकामं यंत्र मागे चढत नसेल तर त्या उतारावर जाऊच नका. मधेच वळू नका. गवताची पिशवी अर्धी भरली की रिकामी करा. दंव असेल तर वाळू द्या. आणि यंत्र कललं तर पाय खाली टेकवू नका. आपल्याला सायकलची सवय, तोल गेला की पाय आपोआप जमिनीकडे जातो. सायकल पायावर थांबते. चार क्विंटलचं लोखंड थांबत नाही.

आडते ऐकत राहिले. मग म्हणाले, "अप्पा, तुमाला हे सगळं शिकवलं कुनी?"

"अनुभवानं," मी म्हणालो.

त्यांनी मला पेरूची पिशवी दिली, गाडीनं घरी सोडलं. मी कितीतरी वर्षं लोकांना हेच उत्तर देत आलो. त्या दिवशी मात्र पेरू तसेच राहिले आणि सडून गेले. हा अनुभव माझा नव्हता. तो ज्याचा होता त्याच्याबद्दल मी एकदा सरकारी कागदावर खोटं बोललो आहे. ते खोटं अजून तिथंच आहे, म्हणून हा लेख.

मी एका सरकारी खात्यात मेकॅनिक म्हणून लागलो आणि फोरमन म्हणून निवृत्त झालो. खात्याचं नाव लिहीत नाही, कारण जे झालं त्यात खात्यापेक्षा माझा वाटा मोठा आहे. पहिली बरीच वर्षं नांदेडच्या वर्कशॉपात गेली. बहात्तरच्या दुष्काळात मी सव्विशीतला होतो. माती धरून ठेवायची, पाणी अडवायचं, हे तेव्हा आमचं काम. आमचे बुलडोझर गावोगाव फिरायचे, बांध घालायचे, आणि साहेब लोक पारावर शेतकऱ्यांना सांगायचे: उताराला आडवं नांगरा, उताराला आडवं पेरा. उभं नांगरलं की प्रत्येक तास, नांगराची प्रत्येक चर, म्हणजे पाण्याला वाट. पाणी धावतं, माती घेऊन जातं. आडवं नांगरलं की प्रत्येक तास म्हणजे छोटा बांध.

हे मला नवं नव्हतं. अहमदपूरजवळ आमची जमीन टेकाडाची. वडिलांचा हात ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगवर नव्हे, बैलांच्या कासऱ्यावर, पण औताचं तोंड ते कधी उताराकडे करत नसत. कंधारकडे एक शेतकरी होता, हट्टी. त्यानं आमच्यासमोर मुद्दाम उभं नांगरलं. पहिल्या दोन मोठ्या पावसांत त्याची वरची माती खालच्या वावरात जाऊन बसली, तर हा दोन बैलगाड्या घेऊन शेजाऱ्याच्या दारात. "माझी माती हाय, भरून नेनार!" शेजारी म्हणाला, "न्या की. पन आधी कोनती तुमची, कोनती माझी, ते येचून दावा." ही गोष्ट मी शंभर गावांत सांगितली असेल. लोक हसायचे आणि आडवं नांगरायचे. उताराला आडवं, हे माझ्या हाडात गेलं होतं. हाडात गेलेल्या गोष्टीला माणूस पुन्हा प्रश्न विचारत नाही. माझं तिथंच चुकलं.

पुढे लातूर जिल्हा नवा झाला. कचेऱ्या भाड्याच्या घरांत होत्या, टेबलं यायची होती, पाट्यांचा रंग ओला होता. नवीन वर्कशॉप उभं करायला मला नांदेडहून पाठवलं. माझ्याबरोबर तीन ड्रायव्हर आले. त्यातला एक नरसिंग.

नरसिंग देगलूरचा. चाळिशीचा, काटक, कमी बोलणारा. घरी तेलुगू, बाहेर मराठी, आणि ट्रॅक्टर अडला की दोन्ही मिळून. आमच्या बहुतेक ड्रायव्हरांना एक खोड होती, उतार लागला की गाडी न्यूट्रल करायची. डिझेल वाचतं म्हणत. वाचतं ते खरं, पण गाडी मग इंजिनाच्या धाकात राहत नाही, नुसत्या ब्रेकवर पळते. मी ओरडायचो, ते माझ्यासमोर मान हलवायचे आणि घाटात पुन्हा न्यूट्रल. नरसिंगला मी एकदाच सांगितलं. पुन्हा सांगावं लागलं नाही. इतर त्याला चिडवायचे, "नरसिंग्या, फोरमननं सांगितलं तर तू इहिरीत बी गाडी घालशील." तो म्हणायचा, "घालीन की. पन इहिरीचं पानी किती हाय ते आधी इचारीन."

नव्या जिल्ह्याला नवी हिरवळ हवी होती. साहेबांच्या बंगल्यापुढे, विश्रामगृहापुढे. त्यासाठी बसतं यंत्र घ्यायचं ठरलं आणि ते निवडायला मला हैदराबादला पाठवलं. दुकानात दोन यंत्रं होती. एक बुटकं, रुंद, मागं जोडचाकं असलेलं. दुसरं उंच, अरुंद, मागं गवताची मोठी पिशवी. मी टेप काढला. तुम्हाला वाटेल यंत्राचा तोल बघितला. मी फाटकाचं माप बघितलं. बंगल्याचं मागचं फाटक लहान होतं आणि रुंद यंत्र त्यातून जात नव्हतं. फाटक मोठं करायचं तर बांधकामवाल्यांना पत्र, त्यांचं उत्तर, पुन्हा पत्र. म्हणून मी अरुंद यंत्र घेतलं. सपाट हिरवळीला ते ठीकच होतं. कागदावर एक रकाना होता, 'उतारासाठी योग्य'. तो रिकामा बरा दिसेना, म्हणून मी तिथंही बरोबरची खूण केली.

यंत्राबरोबर इंग्रजी पुस्तक आलं. मला वाचण्यापुरतं इंग्रजी येतं. पुस्तकात एक चित्र होतं. डोंगर, त्यावर यंत्र. वर-खाली जाणाऱ्या बाणापुढे बरोबरची खूण, आडव्या बाणावर फुली. मी ते पाहिलं आणि मनात म्हणालो, त्यांच्याकडे माती वाहत नसेल. पुस्तक कपाटात गेलं.

यंत्र आलं आणि पुढच्याच साली पाऊस गेला. सलग दोन हंगाम गेले. लातुरात पाणी टँकरवर आलं तिथं हिरवळीला कोण विचारतो. यंत्र ताडपत्रीखाली. मग चाऱ्याची ओरड सुरू झाली. गुरांच्या छावण्या उघडल्या आणि जिथं काडी दिसेल तिथून आणायचा हुकूम निघाला. अहमदपूरकडच्या डोंगरात एक मातीचा तलाव होता. तलाव आटलेला, पण त्याच्या भिंतीच्या मागच्या बाजूला गुडघाभर गवत, तळाशी ओल असल्यानं थोडं हिरवंसुद्धा. भिंतीवर गुरं सोडता येत नाहीत, खुरांनी ती खचते. आधी बायका विळ्यानं कापायला लावल्या. दुष्काळात कुणाचं जनावर उपाशी नसतं? त्यांनी मुळासकट उपटलं. भिंत उघडी पडायला लागली. तेव्हा कुणालातरी ताडपत्रीखालचं यंत्र आठवलं. वरून कापलं तर मुळं राहतील, भिंतही राहील. दुपारी मोठे साहेब पाहायला येणार. मी नरसिंगला घेऊन सकाळी तलावावर गेलो.

मातीच्या धरणाची मागची बाजू लांबून सौम्य दिसते. जवळ गेलं की कळतं. तळाशी थोडा पट्टा पसरट होता, त्याच्या वर चढ जवळजवळ दोन हातांना एक हात. आज मी त्या चढाजवळ यंत्र ट्रकमधून उतरवूच दिलं नसतं. त्या दिवशी माझ्याकडे पट्टी नव्हती, बुडबुड्याची नळी नव्हती, आणि मोजावं असं मनातही आलं नाही.

नरसिंग यंत्राभोवती एक फेरी मारून आला. भिंतीकडे बघितलं. खालच्या पसरट पट्ट्यातच त्यानं काम धरलं. मागच्या गिअरमध्ये वर जायचा आणि सरळ खाली कापत यायचा. अशा तीन फेऱ्या त्यानं केल्या. त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याच्या हातांना कळलं होतं.

मी भिंतीच्या माथ्यावर उभा होतो. मला दोन गोष्टी दिसत होत्या. अर्धी फेरी फुकट जात होती, कारण मागे चढताना कापणी होत नव्हती. आणि चाकांच्या उभ्या खुणा भिंतीवर उमटत होत्या. पाऊस आला की याच खुणांतून पाणी धावणार, ओघळी पडणार. मला कंधारचा तो शेतकरी आठवला. मी वरून हाक मारली.

"नरसिंग, काय करायलास? उभं काय घालायलास? आडवं घाल, आडवं!"

तो यंत्र बंद करून वर आला. कपाळाचा घाम पुसला.

"आडवं नको वाटतंय साहेब. अंग एका बाजूला जातंय. सरळच जाऊ द्या. वरचं बायका कापतील विळ्यानं."

"विळ्यानं मुळं उपटतात म्हणून तर तुला आणलंय. आणि उभ्या खुणा पडायल्यात भिंतीला. जन्मभर काय शिकवलंय लोकांना आपण?"

"ते नांगराचं हाय साहेब."

ते नांगराचं होतं. तीन शब्दांत त्यानं सगळं सांगितलं होतं. मी ऐकून घेतलं नाही. शेजारी कापणाऱ्या बायका थांबून बघत होत्या आणि ड्रायव्हर आपल्याला शिकवतो आहे एवढंच मला दिसलं.

"मला शिकवू नको. साहेब यायच्या आधी मधला टप्पा निघाला पाहिजे. आडवं घाल."

"बरं साहेब," तो म्हणाला.

पहिली आडवी फेरी नीट गेली. दुसरीत तो थोडा वर सरकला, मीच हातानं खूण केली म्हणून. शरीर वरच्या बाजूला झुकवून, एका मांडीवर बसल्यासारखा तो चालवत होता. मागची पिशवी भरत आली होती. वरचं चाक एका उंचवट्यावर चढलं आणि त्याच वेळी खालचं चाक उंदराच्या बिळात बसलं. यंत्र सावकाश कललं. इतकं सावकाश, की मला वाटलं सावरेल. नरसिंगचा पाय खाली गेला, जमीन शोधत. मग यंत्र त्याच्यावरून गेलं आणि आणखी एक पलटी खाऊन तळाशी थांबलं.

चाऱ्याचा ट्रक उभाच होता. कापलेल्या गवतावर त्याला निजवलं. बायका रडत होत्या. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. अहमदपूर यायच्या आधी त्यानं एकदा डोळे उघडले.

"आडवंच व्हतो साहेब," तो म्हणाला. "तुमी म्हनलाव तसंच."

मी 'हो' म्हणालो. दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टरांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

चौकशी लातूरला झाली. त्या सकाळी नेहमीसारखी पूजा करून, आम्हा लिंगायतांचं इष्टलिंग गळ्यात घालून मी घरून निघालो होतो. आदल्या दिवशी आमचे वरिष्ठ मला म्हणाले होते, "फोरमन, गेलेला माणूस परत येत नाही. नवा जिल्हा, नवं वर्कशॉप. जपून बोला." जपून बोला, एवढंच. खोटं बोला असं ते म्हणाले नाहीत. ते आता हयात नाहीत, म्हणून हे स्पष्ट लिहितो. खोटं माझं मीच बोललो. त्या वेळी माझ्याकडे कारणं होती. चाळीस वर्षं मी ती स्वतःला ऐकवत आलो, इथं तुम्हाला ऐकवत नाही.

चौकशीचे अधिकारी सभ्य होते. त्यांनी इंग्रजी पुस्तक मागवून घेतलं होतं. पानं उलटत म्हणाले, "स्वच्छ ठेवलंय तुम्ही." वर्कशॉपात ज्या पुस्तकाचा उपयोग होतो त्याला पानोपानी ग्रीसची बोटं लागलेली असतात. त्यांना ते ठाऊक नसावं. मला होतं.

"या चित्रात उतारावर आडवं चालवू नये असं दाखवलंय. खुणा तर आडव्या आहेत. चालकाला हे समजावून सांगितलं होतं का?"

माझा हात छातीवरच्या लिंगाकडे गेला होता. तिथून तो मी खाली घेतला आणि म्हणालो, "हो."

त्यांनी लिहिलं: सूचना देऊनही चालकाने त्या पाळल्या नाहीत. मी खाली सही केली. माझं ओरडणं ऐकलेल्या बायका तोपर्यंत दुसऱ्या कामावर गेल्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं नाही. मी त्यांची नावं दिली नाहीत.

तो कागद घेऊन देगलूरला मीच गेलो. त्याच्या बायकोचा, गंगाबाईचा अंगठा हवा होता. पदराआडून ती म्हणाली, "काय लिवलंय साहेब ह्याच्यात?" मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आमचे मालक सांगितलेलं ऐकत न्हवते? असं कसं हुईल?" मी म्हणालो, "वहिनी, त्या दिवशी कसं झालं काय की." तिनं अंगठा दिला. त्या एका ओळीमुळे तिला जी नुकसानभरपाई मिळायची ती मिळाली नाही आणि त्याच्या जागी घरातल्या कुणाला नोकरीही लागली नाही.

त्यानंतर मी पुस्तक पाठ केलं. बदली होईल तिथं ड्रायव्हरांना उतार शिकवला. बुडबुड्याची पट्टी मी स्वतः बनवली, तिची नक्कल इतर वर्कशॉपांनी केली. माझ्या हाताखाली पुन्हा एकही यंत्र उलटलं नाही. निरोप समारंभात चार जणांनी हेच सांगितलं. त्यातलं खोटं काहीच नव्हतं, आणि मला हार गळ्यात ठेवून बसवेना.

उदगीरच्या आडत्यांनी तो प्रश्न विचारल्यावर महिनाभरानं मी देगलूरची एसटी धरली. घर सापडायला वेळ लागला. गंगाबाई ओसरीत तूर निवडत होती. केस पांढरे, हात तसेच चपळ. मी कोण ते सांगितलं. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"वळखलं. तुमी आलताव की तवा. कागद वाचून दावायला."

तिचा मुलगा व्यंकट जेवायला घरी आला होता. पन्नाशीकडे झुकलेला, जेसीबी चालवतो. तोही येऊन भिंतीला टेकून बसला. मी सगळं सांगितलं. फाटकाचं माप, चित्र, तीन फेऱ्या, माझी हाक, चौकशीतला एक शब्द. सांगताना आवाज नीट राहिला, याचीच मला लाज वाटली.

गंगाबाईनं विचारलं, "म्हंजे आधी ते सरळच घालत व्हते?"

"हो. तीन फेऱ्या."

"नको बी म्हनले तुमाला?"

"म्हणाले. आडवं नको म्हणाले."

"आन तुमी बळंच आडवं घालायला लावलाव."

"हो."

ती व्यंकटकडे वळली. "व्यंकट्या, तू न्हानपनी शाळा बुडवून नदीला जायचास, तवा मी तुला मारत व्हते. काय म्हनून मारत व्हते?"

"जाऊ दे की अम्मा."

"न्हाई, सांग. ह्यान्ला सांग."

व्यंकट जमिनीकडे बघत म्हणाला, "बापावर गेलास म्हनायची. सांगितलेलं ऐकत न्हाईस. बाप न्हाई ऐकला म्हनून मेला, तू बी मरशील म्हनायची."

"किती वर्सं म्हनले असंल?"

"मोठा हुईपतुर. माझ्या पोरांना बी म्हनतीस की अजून."

गंगाबाईनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. तिला रडू आलं नाही. म्हणाली, "त्यान्च्या फोटूला उदबत्ती लावताना बी मी त्यान्ला बोलत आले. ऐकला असताव तर आज असताव म्हनून. ऐकनाऱ्या मानसाला मी इतकी वर्सं बोलले, साहेब."

मी तिच्या पाया पडायला वाकलो. तिनं पाय मागे घेतले.

"पाया पडून काय करू मी? माफी बी मला मागू नका, माझ्याकडं न्हाई ती. तवा कागदावर लिवलं व्हतं ना? आता बी लिवा."

मी म्हणालो, खात्यात कागद पाठवला आहे, पण इतक्या जुन्या प्रकरणाची दखल कोण घेणार. एका दिवाळी अंकानं नोकरीतले अनुभव मागितले आहेत, त्यात लिहीन.

"लोक वाचतेत ते?"

"वाचतात."

"त्या कागदावर त्यान्चं नाव कसं व्हतं? पुरं व्हतं का नुसतं नरसिंग?"

"पूर्ण होतं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट."

"मग ह्याच्यात बी पुरं लिवा," ती म्हणाली आणि सूप पुन्हा पुढ्यात ओढलं.

व्यंकट मला दारापर्यंत पोचवायला आला. मी पायरी उतरलो तेव्हा आतून तूर पाखडण्याचा आवाज येत होता.

चालकाचं नाव नरसिंग पोशट्टी येनगेवार, राहणार देगलूर. त्यांना यंत्राच्या पुस्तकातली सूचना कुणीही समजावून सांगितली नव्हती. यंत्र उतारावर आडवं चालवायला मी सांगितलं. त्यांनी नको म्हटलं, मी पुन्हा सांगितलं, आणि त्यांनी ऐकलं.